छाट कलमाला मुळे फुटत नसतील तर संजीवकाचे प्रमाण वाढवावे का?

हिरवा_डोळा (प्रश्न)

नमस्कार. फळझाडांच्या फांद्यांच्या काड्या लावून रोपे करण्याचा प्रयत्न मी करीत आहे आणि त्यातून मिळालेल्या निकालांचा अर्थ मला लागत नाही. अंजीर आणि तुती यांच्या काड्या काहीही न लावता मुळावल्या. डाळिंबाच्या काही काड्या जगल्या, काही वाळल्या. पेरूच्या पक्व काड्यांना वरून छान कोंब आले, पानेही उघडली, आणि मग एकाएकी सगळे मलूल होऊन सुकले. उपटून पाहिले तर खाली मुळाचा मागमूस नव्हता, फक्त कापावर एक पांढरट गाठ दिसत होती. आंब्याच्या काड्यांचे बूड काळे पडले आणि तो काळेपणा वर चढत गेला.

डाळिंब, पेरू आणि आंबा या तिन्हींना मी मुळे फुटावीत म्हणून संजीवकाची (वनस्पतीची वाढ चालवणाऱ्या द्रव्याची) एकच पूड लावली होती. तिच्या वेष्टनावर इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, ०.३ टक्के असे छापलेले आहे. याच प्रकारची ०.८ टक्क्यांची पूडही मिळते असे समजले. पेरू आणि आंबा यांच्यासाठी ती अधिक तीव्र पूड वापरावी का? काड्या लावल्यानंतर संजीवकाचे पाणी पुन्हा पुन्हा घातल्यास उपयोग होतो का? शिवाय मध, दालचिनी, कोरफडीचा गर, नारळपाणी आणि विलो या झाडाच्या फांद्या भिजवलेले पाणी यांची शिफारस सगळीकडे इतक्या आत्मविश्वासाने केलेली आढळते की त्यांत तथ्य किती आणि ऐकीव किती हे ठरवणे अवघड झाले आहे. ज्यांनी हे काम सातत्याने केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रोपवाटिकेतला

आधी पेरूच्या पानांविषयी लिहितो, कारण बहुतेकांची फसगत तेथेच होते. काडीवरचा डोळा फुटणे आणि काडीला मुळे फुटणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. पक्व काडीत पिष्टाचा साठा असतो आणि त्या शिदोरीवर ती मुळांशिवायही पाने उघडू शकते. पाने उघडली की त्यांतून पाणी उडू लागते, खालून पुरवठा होत नाही, आणि साठा संपताच काडी मरते. म्हणून पालवी दिसल्यावर काडी जगली असे कधीही समजू नये. उलट, मुळांच्या आधी जोरात पालवी येत असेल तर वरची हवा गरम आणि बुडाशी माध्यम थंड आहे अशी शंका घ्यावी. पानगळीच्या झाडांच्या पक्व काड्यांना याच्या उलट स्थिती मानवते: बुडाशी साधारण २१ ते २५ अंश सेल्सियस ऊब आणि वर त्याहून थंड हवा. रोपवाटिकांमध्ये ट्रेखाली उष्णता देणारी चटई ठेवतात ती याचसाठी.

गाठीविषयीही तोच गैरसमज आहे. कापावर दिसणारी पांढरट गाठ, जिला कॅलस म्हणतात, ती जखम भरून येण्याची खूण आहे. काही झाडांत मुळे त्या गाठीतून आल्यासारखी दिसतात, परंतु बहुतेक फळझाडांत ती खोडाच्या आतून, अन्नवाहिन्यांच्या जवळच्या पेशींपासून सुरू होतात आणि साल फोडून बाहेर येतात. मोठी गाठ आणि शून्य मुळे ही स्थिती महिनोन्महिने टिकू शकते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्रमाण वाढवण्याआधी काडी कोणती घेतली हे पाहावे लागते. अंजीर, तुती, द्राक्ष आणि डाळिंब यांच्या पक्व काड्या, म्हणजे गेल्या हंगामात वाढून तपकिरी झालेल्या, पेन्सिलीच्या जाडीच्या, १५ ते २५ सेंटिमीटर लांबीच्या आणि तीन-चार डोळे असलेल्या, सहज चालतात. पेरूचे तसे नाही. पेरूची पक्व, पाने झडलेली काडी क्वचितच मुळावते. त्याची यंदाची कोवळी ते अर्धपक्व, पाने असलेली काडी घेऊन, आयबीए लावून, सतत दमट हवेत ठेवली तर ती बऱ्यापैकी मुळावते. म्हणजे तुमच्या पेरूच्या बाबतीत पूड कमी तीव्र होती ही मूळ अडचण नव्हती, तर लाकूडच वेगळे हवे होते. ऑलिव्हचेही असेच आहे. त्याची व्यापारी अभिवृद्धी पाने राखलेल्या अर्धपक्व काड्यांना आयबीए लावून, बारीक धुक्यासारख्या फवाऱ्याखाली केली जाते. लिंबाची अर्धपक्व काडीही पाने राखूनच लावावी.

पाने का राखायची, असा प्रश्न येईल. पान अन्न तर तयार करतेच, पण मुळे फुटण्यास लागणारी नैसर्गिक द्रव्येही पुरवते. म्हणून वरची दोन-तीन पाने ठेवावीत, मोठी असतील तर आडवी अर्धी कापावीत, आणि खालची सगळी काढावीत. ही काडी उघड्यावर तासाभरातही कोमेजू शकते, त्यामुळे सकाळी कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणून, लगेच लावणे आवश्यक असते. कोमेजलेल्या काडीला कितीही भारी संजीवक लावले तरी ती उभारी धरत नाही.

मातृवृक्षाकडेही लक्ष द्यावे. नत्रयुक्त खताने फोफावलेली, मऊ, लांब पेऱ्यांची फांदी टाळावी; तिच्यात पाणी अधिक आणि साठा कमी असतो. फुलोऱ्यावर असलेली किंवा फळे धरलेली फांदीही घेऊ नये. झाडाची खोल छाटणी केल्यानंतर बुंध्याजवळून येणारे नवे फुटवे शेंड्याकडच्या फांद्यांपेक्षा पुष्कळ चांगले मुळावतात. हा फरक किती मोठा असतो हे एकदा शेजारी शेजारी लावून पाहिल्यावरच पटते.

बाकी तंत्र थोडक्यात सांगता येते. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ द्यावा आणि वरचा तिरकस, म्हणजे काडी उलटी लावली जाणार नाही. उलट्या काडीची मुळे जमिनीत नव्हे, हवेतल्या टोकाला येऊ पाहतात. कात्री अल्कोहोलने पुसावी. माध्यमात खत घालू नये. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र खनिज), किंवा जाड धुतलेली वाळू पुरते. माध्यम वाफशावर असावे, चिखल नसावा, कारण मूळ तयार होताना त्या पेशींना प्राणवायू भरपूर लागतो आणि तुंबलेल्या पाण्यात तो मिळत नाही.

पाठ_तिसरा_वनस्पतीशास्त्र

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. संजीवक नेमके काय करते एवढेच त्यात जोडते, कारण ते समजले की पुन्हा पुन्हा पाणी घालण्याच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खोडातून खालच्या दिशेने वाहते. काडी कापली की त्याची वाट तुटते आणि ते कापाजवळ साचू लागते. त्या साचलेल्या ऑक्सिनमुळे तेथील काही पेशी आपले ठरलेले काम सोडून पुन्हा विभागू लागतात आणि मुळाचा अंकुर घडतो. इंडोल ॲसेटिक ॲसिड हे नैसर्गिक ऑक्सिन मुळे फुटण्यास मदत करते हे १९३०च्या दशकाच्या मध्यात स्पष्ट झाले, आणि लगेचच, १९३५ मध्ये, आयबीए आणि नॅप्थॅलिन ॲसेटिक ॲसिड ही दोन द्रव्ये त्याहून अधिक परिणामकारक असल्याचे दाखवले गेले. इंडोल ॲसेटिक ॲसिड प्रकाशाने आणि वनस्पतीच्या स्वतःच्या विकरांनी लवकर नष्ट होते; आयबीए अधिक टिकते आणि पेशींना तुलनेने कमी अपाय करते, म्हणून आजही बहुतेक पुडींमध्ये तेच असते. त्याही आधी काही देशांतले माळी काडीच्या बुडाला चीर देऊन तीत धान्याचा दाणा बसवीत असत. रुजणारा दाणा ऑक्सिन तयार करतो, त्यामुळे त्या रिवाजात काही अर्थ नक्कीच होता.

आता महत्त्वाची गोष्ट. ऑक्सिनची गरज सुरुवातीच्या काही दिवसांपुरती असते. मुळाचा अंकुर घडला की पुढे त्याच्या लांबण्याला अधिक ऑक्सिन मारक ठरते. म्हणून एकदाच, लावताना, द्यायचे. नंतर माध्यमात वारंवार संजीवक ओतल्यास घडलेले अंकुर खुरटतात. प्रमाण फार वाढवल्यासही हेच होते: बूड सुजते, साल तडकते, मग काळी पडते, आणि डोळे फुटणे लांबते. आंब्याच्या काड्यांचे बूड तसेही कापल्यावर लवकर काळवंडते, कारण त्याच्या उतींतील फिनॉल वर्गातील द्रव्ये हवेशी संयोग पावून तपकिरी होतात. त्यात तीव्र संजीवक आणि ओले माध्यम यांची भर पडली तर कूज लागणे जवळपास ठरलेले.

शिवाय प्रतिसाद देण्याची क्षमता मुळात पेशींत असावी लागते. काही झाडांच्या फांद्यांत मुळांचे सुप्त अंकुर आधीच असतात, ती केवळ ओलाव्यावर मुळावतात आणि त्यांना संजीवक लावणे म्हणजे निव्वळ खर्च असतो. काहींत अंकुर नसतात पण ऑक्सिन मिळताच घडतात. पूड उपयोगी पडते ती या मधल्या गटाला. आणि काहींत, ज्यांत वयस्क आंबा, अक्रोड, काजू ही उदाहरणे ठळक आहेत, बाहेरून ऑक्सिन देऊनही पेशी फारशा हलत नाहीत. वय हा येथे निर्णायक घटक आहे. आंब्याच्या कोवळ्या रोपाची काडी कधी कधी मुळावते, पण त्याच जातीच्या फळे देणाऱ्या झाडाची काडी मुळावत नाही. झाड प्रौढ झाले की सालीखाली कठीण तंतूंचे सलग कडे तयार होते आणि मुळे घडण्याची तयारीही घटते. यांपैकी दुसरे कारण अधिक वजनाचे आहे असे माझे मत आहे.

घरगुती उपायांविषयी स्पष्टच लिहिते. मधात मुळे फोडणारे काहीही नाही. तो जंतुरोधक आहे, आणि तेवढाच त्याचा लाभ. दालचिनी बुरशी रोखते, पण तिची पूड कापाला जाड थापल्यास पाण्याचे शोषणच अडते. कोरफडीच्या गराचा परिणाम झालाच तर सौम्य असतो. नारळपाण्याच्या बाबतीत तर मी सावधगिरीचा सल्ला देईन, कारण त्यात सायटोकायनिन वर्गातील द्रव्ये, म्हणजे पेशी विभागायला लावणारी संप्रेरके, असतात. ऊतिसंवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत उतींच्या तुकड्यांपासून रोपे वाढवण्यात, ती मोलाची ठरली आहेत, परंतु १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या उतींवर दाखवून दिले की ऑक्सिनच्या तुलनेत सायटोकायनिन वाढले की कोंब फुटतात आणि ऑक्सिन वाढले की मुळे. आपल्याला हवी आहेत मुळे, मग तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजन का टाकायचे? विलोचे पाणी या सर्वांत थोडे अधिक आदरास पात्र आहे, त्यात सॅलिसिलिक ॲसिड आणि मुळांना पोषक अशी काही द्रव्ये असतात, मात्र त्यांचे प्रमाण प्रत्येक वेळी वेगळे निघते आणि परिणामावर विसंबता येत नाही. सहज मुळावणाऱ्या काडीला काहीही लावले तरी ती मुळावते आणि श्रेय लावलेल्या पदार्थाला मिळते. या उपायांची बरीचशी कीर्ती अशीच झालेली आहे.

ह्युमिक ॲसिड किंवा समुद्री शेवाळाचे अर्क 'मुळे वाढवणारे' म्हणून विकले जातात, त्यांचीही गल्लत होते. मुळे आल्यानंतर त्यांची वाढ सुधारणे वेगळे आणि नसलेली मुळे घडवणे वेगळे.

खुंटावरचा

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक मूलभूत प्रश्न कोणी विचारलेला नाही. काडीला मुळे फुटली, तरी त्या झाडाला स्वतःच्याच मुळांवर वाढवणे योग्य आहे का?

द्राक्षाचे उदाहरण घ्या. द्राक्षाच्या काडीइतकी सहज मुळावणारी काडी क्वचित सापडेल, आणि तरीही जगभरातील बहुसंख्य द्राक्षबागा खुंटांवर, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या दुसऱ्या झाडाच्या मुळांवर, उभ्या आहेत. १८६०च्या दशकात अमेरिकेतून फ्रान्समध्ये गेलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, आणि युरोपीय वाणांना वाचवण्याचा टिकाऊ मार्ग सापडला तो प्रतिकारक्षम अमेरिकी जातींच्या खुंटावर कलम करण्याचा. म्हणजे मुळे फुटणे ही अडचण नव्हतीच. फुटलेली मुळे जमिनीत टिकत नव्हती. लिंबूवर्गीय झाडांतही फायटोफ्थोरा बुरशीमुळे होणारी मूळकूज आणि डिंक्या यांना तोंड देण्यासाठी सहनशील खुंट वापरतात. काडीपासून केलेल्या लिंबाला ते संरक्षण मिळत नाही. अंजिराच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव असलेल्या जमिनीतही हा विचार करावा लागतो.

दुसरे म्हणजे काडीच्या रोपाला सोटमूळ नसते. बाजूला फुटणारी मुळे पुरेशी पसरतात, पण वारा फार असलेल्या उघड्या जागी अशा झाडाला सुरुवातीची काही वर्षे आधार लागतो. आणि तिसरे, मातृवृक्षात असलेले विषाणू काडीबरोबर येतात. अंजिराच्या पानांवरचा ठिपक्यांचा मोझॅक रोग ज्या सहजतेने काड्यांबरोबर हातोहात पसरतो ते पाहता, फुकट मिळालेली प्रत्येक काडी घेण्याआधी त्या झाडाची पाने निरखून पाहावीत.

मला छाट कलमाला विरोध करायचा नाही. डाळिंब, अंजीर, तुती यांच्यासाठी ती स्वस्त, सोपी आणि योग्य पद्धत आहे. परंतु आंब्यासाठी आपण काडी आणि पूड यांच्यामागे लागू नये असे मी निक्षून सांगेन. त्यासाठी कोयीपासून वाढवलेल्या रोपावर कलम बांधणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. पेरू आणि लिची यांच्यासाठी गुटी कलम घ्यावे. फांदी झाडावरच ठेवून, सालीचे दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचे कडे काढून, वरच्या कडेला आयबीए लावून, ओल्या शेवाळात गुंडाळून प्लास्टिकने बांधायची. फांदीला पाणी झाडाकडून मिळतच राहते, त्यामुळे कोमेजण्याचा सगळा प्रश्नच मिटतो.

रोपवाटिकेतला

गुटी कलमाविषयीचा मुद्दा मान्य आहे, मात्र एका फांदीपासून गुटीने एकच रोप मिळते आणि तीच फांदी काड्यांसाठी वापरली तर चार-पाच मिळतात, म्हणून पेरूच्या हिरव्या काड्यांची वाट अगदीच सोडून देण्यासारखी नाही.

अवघड झाडांसाठी आणखी एक युक्ती आहे आणि ती कोणत्याही पुडीहून प्रभावी आहे: फांदीचा तो भाग कापण्याआधीच अंधारात वाढवणे. नवा कोंब काही सेंटिमीटरचा असतानाच त्याच्या बुडाशी काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आणि काही आठवड्यांनी त्याच जागी कापून काडी घेतली, तर प्रकाश न मिळालेला तो फिकट भाग पुष्कळ सहज मुळावतो. सफरचंदाचे एम ९ सारखे खुंट मातीचा ढीग लावून तयार करतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. झाड जमिनीलगत कापायचे, येणाऱ्या फुटव्यांच्या बुडाशी माती चढवत जायची, आणि अंधारात मुळावलेले फुटवे हंगामाअखेर वेगळे करायचे. ॲव्होकॅडोचे कलमी खुंटही अंधारात वाढवलेल्या कोंबांपासूनच केले जातात.

हिरवा_डोळा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आंब्याचा नाद मी सोडतो. पेरूच्या हिरव्या काड्या आणि डाळिंबाच्या पक्व काड्या एवढ्यावरच लक्ष देण्याचे ठरवले आहे. मला शुद्ध आयबीएची भुकटी मिळू शकते. ती पाण्यात विरघळत नाही असे वाचले, मग द्रावण कसे करावे? पूड आणि द्रावण यांत श्रेयस्कर काय? आणि पेरूच्या काड्यांना मुळे आल्यानंतर त्या बाहेर काढताच कोमेजतात असे अनेकांनी लिहिले आहे, त्यावर उपाय कोणता?

पाठ_तिसरा_वनस्पतीशास्त्र

द्रावणाचा हिशेब सोपा आहे. एक लिटर द्रावणात एक ग्रॅम आयबीए म्हणजे १००० पीपीएम (दशलक्षात एक हजार भाग). घरगुती कामासाठी १०० मिलिलिटर पुष्कळ होते. त्यात १०० मिलिग्रॅम घातल्यास १००० पीपीएम आणि ३०० मिलिग्रॅम घातल्यास ३००० पीपीएम मिळते. शुद्ध आयबीए पाण्यात फारच थोडे विरघळते, म्हणून ते आधी ५० मिलिलिटर इथिल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवून मग हळूहळू शुद्ध पाणी घालत १०० मिलिलिटर करावे. पाणी घालताना द्रावण दुधाळ झाले तर आयबीए बाहेर पडू लागले आहे असे समजून थोडे अल्कोहोल वाढवावे. आयबीएचा पोटॅशियम क्षार मिळाल्यास तो थेट पाण्यात विरघळतो, आणि पेरूच्या कोवळ्या काड्यांसाठी मी तोच सुचवीन, कारण तीव्र अल्कोहोलने कोवळी साल भाजते.

सर्वसाधारणपणे कोवळ्या काड्यांना ५०० ते १५००, अर्धपक्व काड्यांना १००० ते ३००० आणि पक्व काड्यांना २००० ते ५००० पीपीएम या मर्यादांत काम करतात. बुडाचा दोन सेंटिमीटर भाग पाचेक सेकंद बुडवायचा, काही मिनिटे हवेत सुकू द्यायचा आणि लावायचा. कोणी २० ते २०० पीपीएमच्या सौम्य द्रावणात काड्या २४ तास उभ्या ठेवतात; तीही मान्य पद्धत आहे, मात्र त्या वेळी तापमान आणि दमटपणा यांनुसार काडी किती द्रावण ओढून घेईल ते बदलते, त्यामुळे दर वेळचा निकाल सारखा येत नाही. तुमच्या ०.३ टक्क्याच्या पुडीत कागदावर ३००० पीपीएम आहे, परंतु कोरडी पूड काडीला कमी चिकटते आणि आतही कमी जाते, म्हणून तिचा परिणाम त्याच आकड्याच्या द्रावणापेक्षा सौम्य असतो. डाळिंबासाठी ती पुरेशी आहे, ०.८ टक्क्याची घेण्याची आवश्यकता नाही.

काडी मूळ बाटलीत किंवा डबीत कधीही बुडवू नये. लागेल तेवढे वेगळे काढून उरलेले फेकून द्यावे, अन्यथा एका काडीची कूज पुढच्या सर्व काड्यांना लागते. भुकटी हाताळताना हातमोजे घालावेत आणि नाकातोंडावर फडके बांधावे. द्रावण गडद बाटलीत, थंड जागी ठेवावे.

रोपवाटिकेतला

पेरूच्या शेवटच्या टप्प्याविषयी मी लिहितो. काड्यांवर पारदर्शक झाकण असते तोवर आत हवा जवळपास पाण्याने भरलेली असते, आणि त्या हवेत उघडलेल्या पानांना स्वतःचे पाणी राखण्याची सवय नसते. झाकण एकदम काढले तर मुळे असूनही पाने कोमेजतात. म्हणून पहिल्या दिवशी झाकणाला बोटभर फट, पुढे रोज थोडी अधिक, आणि आठ-दहा दिवसांनी झाकण पूर्ण बाजूला, असा क्रम ठेवावा. या संपूर्ण काळात उजेड भरपूर पण थेट ऊन नको. बंद झाकणाखाली थेट ऊन पडले तर काड्या अक्षरशः शिजतात.

मुळे आली की नाहीत हे पाहण्यासाठी काड्या उपसू नयेत, कारण कोवळे मूळ केसासारखे तुटते. काड्या पारदर्शक पेल्यात लावून पेला काळ्या पिशवीत ठेवला तर पिशवी सरकवून मुळे पाहता येतात. डाळिंबाला दीड-दोन महिने सहज लागू शकतात, तोवर काडीवर नखाने हलकेच ओरखडा काढून खाली हिरवे दिसते एवढे पुरे. पांढऱ्या मुळांना बारीक उपमुळे फुटू लागली की मातीमिश्रणात हलवावे, माध्यमाचा गोळा फुटू देऊ नये, आणि खत पहिल्या नव्या पानांची जोडी पूर्ण उघडल्यानंतरच, तेही अर्ध्या मात्रेने सुरू करावे. डाळिंबाच्या काडीवर या काळात फूल आले तर ते तत्काळ खुडावे.

खुंटावरचा

एक लहानशी भर घालतो. प्रत्येक प्रकारच्या काही काड्या संजीवक न लावता, बाकी सर्व तसेच ठेवून, बाजूला लावा आणि त्यांवर चिठ्ठी अडकवा. तुमच्या डाळिंबाच्या वाणाला पूड लागते की नाही हे त्या काड्यांवरून कळेल. काही वाण इतके सहज मुळावतात की पुढच्या खेपेस डबी उघडावीही लागत नाही.